कवडीची सहा पिल्लं

१७ नोव्हेंबर १९९६

हे आज कवडीला आटपाडीहून घेऊन आले. दोन दिवस ती बिराप्पा धनगराच्या वाड्यावर होती. टेम्पोतनं उतरल्या उतरल्या मला फर्मान — "काम झालंय. आता तिला रोज अर्धा लिटर दूध लावायचं." बरं. मी चारदा पोटुशी राहिले, मला कधी कुणी अर्धा लिटर दूध लावलं नव्हतं. पण मी कुठं कारवान जातीची कुत्री!

कुत्रा कुठला दाखवला, विचारलं. तर म्हणे खंड्या. खंड्या म्हणजे कवडीचाच पोटचा, चार वर्षांमागं बिराप्पाला दिलेला. नारळ आणि चोळीचा खण घेऊन दिला होता, कारण ह्यांच्या घरात कारवानचं पिल्लू कधी विकत नाहीत. मी म्हटलं, "अहो, आई आणि लेक?" हे म्हणाले, "जनावराला आई न् लेक नसतं. रक्त रक्तात ऱ्हायलं तरच अस्सल ऱ्हातं. भाईरची कुत्री आता समदी बाटल्यात."

मी उठले. चहा ठेवला.

२४ नोव्हेंबर

रविवार. सकाळपासून सोप्यात शेजारचे भाऊसो आणि हे, आणि त्यांचं ते नेहमीचं. भाऊसोंनी पुण्याहून ग्रे हाउंड आणवून इथल्या कुत्रीवर लावला होता, त्याचं रॉकेट नावाचं क्रॉस पिल्लू झालं. शर्यतीची दोन मैदानं जिंकलंय. तेव्हापासून भाऊसोंचे पाय जमिनीला लागत नाहीत.

"लाला, औंदाच्या मैदानात तुझ्या कारवानातलं एक तरी पहिल्या पाचात हुतं का रं? समदी क्रॉसच."

"तीनशे मीटर पळवून ढाल घ्यायची आसंल तर तुझंच रॉकेट. माळावर दोन मैल सोड, मग बघू. तळपाय फाटून येतंय. त्येला अंडी पायजेत, खिमा पायजे, थंडीचं अंगावर पोतं पायजे. माझी कवडी भाकरी खाती आन् भाईर झोपती."

"पळतंय की पर!"

"आन् त्येची पिल्लं? मागल्या खेपंला सहा झाली. एक घोडं, एक मांजर, एक आपल्याच सावलीला भुकतंय. आसल्याला जात म्हणत्यात का?"

भाऊसो हसत सुटले. "खरं हाय. क्रॉसचं क्रॉस केलं की काय निघंल ते बरम्यालाबी ठावं न्हाई."

दोघांतल्या एकानंही आजवर कुत्र्याच्या ताटलीत भाकरी कुस्करलेली नाही. ते मी करते. जात माझ्या ताटलीत काही वेगळी खात नाही.

१ डिसेंबर

वन्सं आल्या होत्या. सुपारी फुटली. आमची मयूरी आणि त्यांचा मानसिंग. ११ मे, रविवार.

तसं पाळण्यातच ठरल्यासारखं होतं. मामाची पोरगी हक्काची. मी पण अशीच हक्काची म्हणून ह्या घरात आले — माझी आत्या ती माझी सासू. आता मयूरी तिच्या आत्याच्या घरात जाणार. वन्सं म्हणाल्या, "वैनी, पोरगी कुटं परक्यात चाललीया? ह्या खोलीतनं त्या खोलीत."

आत जाऊन मयूरीला विचारलं, पसंत आहे ना गं? "तुमी ठरवलंय न्हवं," म्हणाली आणि हसली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि बोलते ही अशी! मानसिंग लहानपणापासून येतो-जातो, स्वयंपाकघरातसुद्धा सरळ येऊन टोपल्यातली भाकरी घेतो. पोरगा वाईट नाही. कष्टाळू आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२९ डिसेंबर

कवडीचं पोट दिसायला लागलंय. हे रोज उठून हात फिरवून बघतात. मी अंगणवाडीच्या कामावरनं येईपर्यंत घरातला चहा झालेला नसतो, पण कवडीचं दूध झालेलं असतं.

१६ जानेवारी १९९७

पहाटे व्याली. सहा.

दोन आधीच गेलेली होती. एकाच्या टाळूला भोक — चोखायला गेलं की दूध नाकातनं बाहेर. तीन धडकी दिसतात, पण बारीक. मूठभर. कवडी मेलेली दोन चाटत बसली होती, हलू देईना. हे म्हणाले, काढ ती. मीच काढली. मलाच काढावी लागणार.

१७ जानेवारी

टाळूवालं गेलं. आणखी एक गेलं.

मी म्हटलं, डॉक्टर बोलवा. वडूजहून गुरांचे नवे डॉक्टर आले, निमिष जोशी, वाईचे. अगदी पोरगेलेसे. पिल्लं एकेक करून उजेडात धरली, तोंडं उघडून बघितली. मग विचारलं, "नर आणि मादी नात्यातले आहेत का?"

हे म्हणाले, अस्सल आहेत.

"अस्सल आहेत हो, पण नात्यातले आहेत का?"

मीच सांगितलं. आई आणि लेक. त्यांनी विचारलं, आणि खंड्याचा बाप? तोही कवडीचा भाऊ. डॉक्टर काही रागावले नाहीत. सरळ सांगितलं — प्रत्येक रक्तात एखादा दोष लपलेला असतो, एकट्यानं असला तर गप्प राहतो, दोन्हीकडनं तोच आला की उघडा पडतो. मग अशी पिल्लं होतात. सगळीच होतील असं नाही. पण होतात. हे म्हणाले, "म्हंजे क्रॉस करू म्हणता?" डॉक्टर म्हणाले, "क्रॉसच पाहिजे असं नाही. जात तीच ठेवा, पण लांबचं रक्त आणा. आणि मादीचा ह्यात दोष नाही, तिला हाकलून-बिकलून देऊ नका."

मी पाणी आणायला म्हणून आत आले आणि चुलीपुढं उभी राहिले. डॉक्टर पाण्यासाठी थांबले होते हे विसरलेच.

१९ जानेवारी

झोप नाही. लिहूनच टाकते.

माझी तीन. पहिला मुलगा सत्तर साली, नऊ दिवसांचा झाला आणि गेला. दुसरी चंद्रा. चंद्रानं मान कधी धरलीच नाही. अडीच वर्षं मी तिला मांडीवर घेऊन भरवलं, अडीच वर्षांत एकदा बसली नाही. हसायची मात्र. तिसरा पंच्याहत्तरला, मेलेलाच झाला. मग मयूरी. मयूरी चांगली झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, एवढं एक कसं चुकून नीट निपजलं.

चंद्राला मिरजेला नेली होती. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना हेच विचारलं होतं — लग्न नात्यातलं का? मला चांगलं आठवतं. मी हो म्हटलं. मग मला चंद्राला घेऊन बाहेर बसायला सांगितलं आणि ह्यांच्याशी बोलले. हे बाहेर आले. मी विचारलं, काय म्हणाले? "देवाची मर्जी, म्हणले."

त्यानंतर किती देव केले मी. सोळा सोमवार. खंडोबाला अनवाणी चालत. कुणाच्या बारशाला गेले की ओटी भरायला दुसरीला पुढं करायचे. आत्या — माझी सख्खी आत्या — चार बायकांत म्हणायची, "माझ्या भावानं मला जळक्या कुशीची पोर दिली." मी मान खाली घालून ऐकायचे. मला खरंच वाटायचं, माझ्यातच काहीतरी.

मादीचा दोष नाही. तेवीस-चोवीस वर्षांचं पोर येऊन कुत्रीबद्दल एका वाक्यात सांगून गेलं.

२३ जानेवारी

एकच उरलंय. मादी. मान उचलत नाही.

हे म्हणाले विहिरीत टाकून येतो. मी म्हटलं, हात लावून बघा. एवढंच म्हटलं. गेले निघून शेताकडं. कापसाची वात करून दूध पाजते. कवडी शेजारी बसून माझ्या हाताकडं बघते.

९ फेब्रुवारी

पिल्लाला नाव ठेवलं नाही. मयूरी म्हणाली ठेव. नको.

काल अंगणवाडीत वजनं घेतली. पाटलांचा नातू वाढलाय. बाकी आहे तेच.

१२ फेब्रुवारी

तीन दिवस मी वडूजला अंगणवाडीच्या ट्रेनिंगला होते, जेवण-राहणं तिथंच. हे आणि भाऊसो रॉकेटला घेऊन जत्रेच्या मैदानाला गेलेले. घरी मयूरी, आणि सोबतीला मानसिंग येऊन राहिला होता. पिल्लाला दोघांनी सांभाळलं, जिवंत होतं. बरं वाटलं.

रॉकेट दुसरं आलं. पण शेवटाला वळताना पुढचा पाय मोडला. काडीसारखा, भाऊसो म्हणाले. टेम्पोत मांडीवर घेऊन आलेत त्याला. हे काही लागट बोलतील अशी मला धास्ती होती, पण बोलले नाहीत. उलट रात्री जाऊन वाळलेल्या बांबूच्या कामट्या देऊन आले पायाला बांधायला. वाद आपल्या जागी. एवढं चांगुलपण आहे ह्यांच्यात, आणि म्हणून तर राग करताना दमायला होतं.

१६ फेब्रुवारी

गेलं. वात तोंडातच होती.

परसात पुरलं. मयूरी रडली नाही, मीच रडले. पिल्लासाठी नव्हे. पिल्लासाठीही असेल.

२ मार्च

भाऊसो आले होते. रॉकेट लंगडतंय, आता पळणार नाही. तरी बसले दोघं वाद घालत, पण आवाज खालचे. भाऊसो म्हणाले, "लाला, आता दोनीकडनं आपलंच चुकलं म्हण. मी लय भाईरचं आणलं, तू लय घरातलं धरलं."

हे म्हणाले — आणि मी हे दाराआडनं स्पष्ट ऐकलं — "बिराप्पाचा भाऊ विजापुराकडं असतोय. तिकडं कारवान हायेत, आपल्या रक्तातली न्हवं. कवडी पुन्यांदा माजावर आली की तिकडं न्हेतो. डाक्टर म्हणला ते खरं हाय. रक्त बदलायला लागतं."

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले. कप खाली ठेवले. म्हटलं, "आणि पोरीला?"

भाऊसो माझ्याकडं बघायला लागले. हे म्हणाले, "कसली पोरगी?"

"मयूरी. कुत्रीला विजापूरपर्यंत न्यायचं आणि पोरीला ह्या खोलीतनं त्या खोलीत?"

भाऊसोंनी चपला घातल्या. चहा तसाच.

३ मार्च

काल भाऊसो गेल्यावर झालं ते आज लिहिते. काल हात चालत नव्हता.

आधी ओरडले. कुत्र्याचं आन् माणसाचं एक करतीस? गावात शेणात घालणार का मला? भैनीला शब्द दिलाय. सुपारी फुटलीया. मी म्हटलं, चंद्रा आठवते का? पहिला आठवतो का? तिसऱ्याला तर तुम्ही बघितलंही नाही. मी बोलत राहिले. अठ्ठावीस वर्षांत इतकं एका दमात बोलले नव्हते. म्हटलं, गुरांच्या डॉक्टरला कळतं ते —

तर हे म्हणाले, "आगं, त्यो मिरजंचा डाक्टरबी म्हणला हुता की, समदीच पोरं तशी हुत्यात आसं न्हाई. मयूरी झालीच न्हवं चांगली?"

मी म्हटलं, काय म्हणाला होता मिरजेचा डॉक्टर?

मीच पुढं म्हटलं —

"देवाची मर्जी म्हणाला होता ना?"

तेव्हा कुठं त्यांना कळलं काय बोलून गेलो ते. खाली बसले. म्हणाले, एकाच रक्तातलं लग्न, त्यानं हुतंय, आसं म्हणला हुता. पुढचं पोर होऊ देऊ नका म्हणला हुता. मग मला का नाही सांगितलं? "आईला काय सांगायचं मी? तिच्याच भावाची पोरगी. तिचंच रक्त खोटं, आसं सांगू?"

म्हणून माझी कूस खोटी ठरू दिली. आईला वाईट वाटू नये म्हणून. पंचवीस वर्षं! समोर बसून ऐकत होते आत्या बोलायची तेव्हा. एकदा नुसतं "आई, गप" म्हणाले असते तरी मला पुरलं असतं.

नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. लालासाहेब. लालासाहेब. लालासाहेब.

४ मार्च

स्वयंपाक केला. वाढला. बोलले नाही.

१४ मार्च

लालासाहेब उंबऱ्यात येऊन म्हणाले, "माझं चुकलं." तिथंच उभे. मला वाटलं होतं असं म्हणाले तर मला रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, "चुकलं ना, मग लग्न मोडा." म्हणाले, "ते न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

२३ मार्च

एसटीनं आटपाडीला गेले, एकटी. वन्संना सांगितलं. शांतपणे, मिरजेचं, गुरांच्या डॉक्टरचं, सगळं. वाटलं बाई आहे, आई आहे, समजेल.

वन्संनी ऐकून घेतलं, पोहे पुढं ठेवले. म्हणाल्या, "वैनी, तुझं दुख मला कळतंय. पण आमच्यात समद्यांचीच लग्नं अशी झाली. माझी चार हायेत धडधाकट. ज्येचं नशीब तेचं." मी म्हटलं, तुमचे मालक नात्यातले नव्हते वन्सं, तुम्हाला परक्यात दिलं होतं. त्या म्हणाल्या, "पत्रिका छापायला टाकल्यात."

येताना गाडीत खिडकीशी जागा मिळाली. सगळ्या माळावर नुसतं ऊन.

८ एप्रिल

पाडवा. गुढी लालासाहेबांनी उभारली. परवा सांगलीला जाऊन बस्ता काढला, नवरीचा शालू डाळिंबी. मयूरी अंगावर धरून आरशात बघत होती. सांगणार होते तेव्हाच. तोंडापर्यंत आलं. मग दुकानदार म्हणाला, आईसाहेब, रंग कसा खुललाय बघा, आणि मी म्हटलं, हो.

मी भित्री आहे. सगळ्यांना सांगितलं — नवऱ्याला, नणंदेला. जिचं लग्न आहे तिला नाही. कारण तिला सांगायचं तर चंद्राचं सगळं सांगावं लागेल, आणि तिनं विचारलं की आई, मग मला का जन्माला घातलंस, तर?

१३ एप्रिल

कवडी रोडावलीय. भाकरी हुंगते आणि सोडते. निमिष डॉक्टर रस्त्यात भेटले, म्हणाले, होईल ठीक, वेळ द्या. सहज म्हणून विचारलं त्यांना, माणसांत पण असंच असतं का हो? सायकल थांबवून नीट सांगितलं. असतं. दर वेळी नाही, पण आधीच्या पिढीतही नात्यातच झालं असेल तर धोका वाढतो. लग्नाआधी मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणाले. कुणाचं आहे? मी म्हटलं, आहे एकीचं.

१९ एप्रिल

ठरवलं. उद्या लालासाहेब पत्रिका वाटायला कराडला जाणार. घरी आम्ही दोघीच. ती नको म्हणाली तर मी तिच्यासोबत उभी राहीन, मंडपाच्या दारात उभी राहीन. गाव थुंकलं तरी चालेल. पोरगी लग्नाशिवाय घरात राहिली तर राहिली — शिकेल, नोकरी करील. अजून बावीस दिवस आहेत. पुष्कळ आहेत.

२० एप्रिल

सांगितलं. पहिल्यापासून, काहीही न लपवता. ती पाटावर बसून शेंगा फोडत होती, हळूहळू हात थांबला. चंद्राचं सांगताना मी रडले, ती रडली नाही. सगळं संपल्यावर मी म्हटलं, तू फक्त नको म्हण, पुढचं मी बघते.

मयूरी म्हणाली, "आई, माझ्या दोन पाळ्या चुकल्यात."